छायाचित्र जुळलं, म्हणजे नेमकं काय सिद्ध झालं?

कुठलाही अभ्यास वाचताना आधी एक तपासा: पद्धतीने ज्या प्रश्नाचं उत्तर दिलंय आणि निष्कर्ष ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून सांगितला जातोय, ते दोन्ही प्रश्न एकच आहेत का? आज यासाठी जरा वेगळं उदाहरण घेऊ. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरमध्ये अब्राहम लिंकन यांच्यावर ज्या पिस्तुलातून गोळी झाडली गेली, त्याची एफबीआयच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये केलेली तपासणी.

आधी वस्तू समजून घ्या, नाहीतर पद्धतीवर बोलता येणार नाही. हे फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर यांच्या बनावटीचं खिशातलं पिस्तूल. लांबी जेमतेम १५ सेंटीमीटर, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, आणि बार एकच. हे ठासणीचं हत्यार आहे. म्हणजे नळीच्या तोंडातून आधी दारू, मग कापडाच्या तुकड्यात धरलेली शिशाची गोळी, आणि ते गजाने खाली दाबायचं. नळीच्या मागच्या पोकळ बोंडीवर तांब्याची छोटी टोपी बसते. तिच्यात आघाताने पेटणारं रसायन असतं. घोडा आपटला की टोपीतली ठिणगी बोंडीतून दारूपर्यंत पोचते.

आता गंमत बघा. नळीच्या आत पीळदार खाचा आहेत, पण त्या खाचांना मुख्यतः कापड टेकतं, शिसं नाही. त्यामुळे गोळीवरच्या खुणांवरून हत्यार ओळखायची जी पद्धत आपण सिनेमात बघतो, ती इथे मुळातच लंगडी पडते.

मग एफबीआयने काय केलं? प्रश्न असा होता की १९६० च्या दशकात अस्सल पिस्तूल चोरून त्या जागी नक्कल ठेवली गेली, असा एक दावा पुढे आला होता. शंका अगदीच हवेतली म्हणता येत नाही. खुद्द डेरिंजर हयात असतानाच त्यांच्या पिस्तुलांच्या नकला बाजारात होत्या, आणि १८६५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत त्यांचा खटला गेला होता. म्हणजे धातूवर कोरलेलं नाव हा पुरावा होऊ शकत नाही. प्रयोगशाळेने १९३० च्या दशकातली छायाचित्रं घेतली आणि दस्त्यावरची चीर, लाकडातली वळणं, बारीक खड्डे जुळवून पाहिले. ते जुळले.

मला ही रचना आवडते. चोरीचा दावा १९६० च्या दशकाचा, म्हणून त्याआधीचं चित्र हवं, आणि तेच निवडलं. कारागीर नावाची नक्कल करेल, आकाराची करेल, पण लाकडातल्या रेषांची कशी करणार? थोडक्यात, नक्कल करायला सगळ्यात अवघड असलेली खूण मोजली.

माझा आक्षेप तपासणीवर नाही, तिच्या पुनर्कथनावर आहे. 'लिंकनना मारणारं पिस्तूल हेच, हे विज्ञानाने सिद्ध केलं' असं सहज सांगितलं जातं. तसं झालेलं नाही. सिद्ध झालं ते एवढंच की आज संग्रहालयात असलेली वस्तू आणि १९३० च्या दशकात छायाचित्रात असलेली वस्तू एकच आहे. १८६५ पासून त्या छायाचित्रापर्यंतची साखळी लाकूड सांगत नाही, कागदपत्रं सांगतात: थिएटरमध्ये पडलेलं पिस्तूल, खटल्यातला पुरावा, मग युद्धखात्याचा ताबा, आणि १९४० मध्ये संग्रहालयाकडे हस्तांतर. ही साखळी भक्कम असेलही, पण तिचा कस इतिहासाच्या पद्धतीने लागतो. दोन वेगळ्या पुराव्यांचं श्रेय एकाच प्रयोगशाळेला दिलं, की उद्या कागदपत्रांत त्रुटी सापडली तरी लोक म्हणणार, 'पण ते तर सिद्ध झालंय ना!'

हीच चूक आपल्या सारांशिकांमध्ये सर्रास होते. एक्सआरडीमध्ये शिखरं जुळली, की लगेच 'पदार्थ शुद्ध आहे' असं लिहून मोकळे. अहो, जुळली म्हणजे ती स्फटिकी प्रावस्था तिथे आहे. थोडीशी अस्फटिकी भेसळ त्या आलेखात दिसेलच असं नाही.

म्हणून पद्धतीचा विभाग लिहिताना शेवटी दोन ओळी जरूर लिहा: या मोजमापावरून मी काय म्हणू शकतो, आणि कशासाठी मला दुसरा पुरावा लागेल. मार्गदर्शकांनी विचारायच्या आधीच.