हीट तिसरी, लेन आठवी

‘४०० मीटर धावणे, १७ वर्षांखालील मुले, हीट ३.’ मथळा एवढाच. त्याखाली आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत लेन, चेस्ट नंबर, नाव, शाळा, तालुका. शेवटचा रकाना कोरा. बुलढाण्यात जिल्हास्तरीय शालेय मैदानी स्पर्धा असली की कॉल रूमच्या टेबलावर असे कागद चिमट्याच्या पॅडला लावलेले असतात. रसग्रहण करावं इतका ऐवज त्यातल्या एकेका कागदात आहे.

पॅड हातात धरून दिवसभर उभे असतात ते क्रीडाशिक्षक म्हणजे क्लार्क ऑफ द कोर्स. स्टार्टरचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जातो, अंतिम रेषेवरच्या पंचांभोवती पालकांची गर्दी होते. क्लार्कचं काम मात्र शर्यत सुटायच्या आधीच उरकलेलं असतं. ज्याचं नाव आहे तोच मुलगा, त्याचाच नंबर लावून, त्याच्याच लेनमध्ये, वेळेवर उभा राहिला पाहिजे. धावण्याच्या स्पर्धेतला सगळा न्याय या साध्या वाक्यावर उभा आहे असं मला वाटतं.

कागद वाचायला घ्यावा तो तालुक्याच्या रकान्यापासून. जिल्ह्याचे तेरा तालुके, आणि आपल्याकडे बोलायची पद्धत घाटावरचे आणि घाटाखालचे अशी. चिखली-मेहकरचा मुलगा पठारावरूनच येतो. मलकापूरच्या मुलाला राजूर घाट चढावा लागतो, खामगाव-शेगावकडची पोरं बोथ्याच्या घाटातून येतात. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तर सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथून निघायचं, पूर्णा नदी ओलांडायची आणि मग घाट. तो मुलगा भल्या पहाटे घरून निघालेला असतो. आठ ओळी एकाखाली एक सारख्याच दिसतात, पण त्या सारख्या पहाटेतून आलेल्या नसतात. चांगला क्लार्क हे जाणून असतो. पहिली हाक होते, दुसरी होते. दुसऱ्या आणि शेवटच्या हाकेच्या मधे तो पॅड खाली करून आजूबाजूच्या पोरांना विचारतो, ‘आले का रे जळगाववाले? गाडी दिसली का कोणाला?’ शर्यत थांबवायचा अधिकार त्याला नाही. पण आवाज चढवायचा आहे, आणि तो अधिकार तो पुरेपूर वापरतो.

हाकेला उत्तर न मिळणं म्हणजे काय, हे १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकनं दाखवलं. एडी हार्ट आणि रे रॉबिन्सन हे अमेरिकेचे दोन धावपटू १०० मीटरच्या पदकाचे दावेदार होते. त्यांच्या प्रशिक्षकाकडे जुनं वेळापत्रक होतं. उपउपांत्य फेरीतल्या आपापल्या हीट सुटल्या तेव्हा दोघंही ट्रॅकवर नव्हते. तिसरा सहकारी रॉबर्ट टेलर कसाबसा पोचला आणि पुढे त्यानं रौप्यपदक मिळवलं. हार्ट आणि रॉबिन्सनच्या नावापुढे मात्र त्या फेरीत वेळ लिहिली गेली नाही. वर्षानुवर्षांची मेहनत एका चुकलेल्या वेळेपायी वाया गेली. म्हणून ‘गैरहजर’ हा शेरा लिहिताना ज्या क्लार्कचा हात क्षणभर अडखळतो, त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

आता आठवी लेन. ४०० मीटरला बाहेरच्या लेनचं वर्तुळ मोठं असतं, म्हणून तिथल्या मुलाला पुढे उभं करतात. दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर, आठव्या लेनला तब्बल ५३.०३ मीटर. गावच्या मैदानावर एका रेषेतून सुटायची सवय असलेल्या मुलाला फक्कीच्या त्या तिरक्या खुणा पाहून धास्ती वाटते. आपण एकटेच पुढे, बाकीचे मागे. जोर कुणाच्या अंदाजानं लावायचा? शर्यत संपत येईपर्यंत त्याला एकही प्रतिस्पर्धी दिसत नाही. पहिल्या फेरीच्या लेन चिठ्ठीनं ठरतात, त्यात कुणाचा दोष नाही. क्लार्क त्याला रांगेतच समजावतो, ‘तू पुढे नाहीस बेटा, अंतर सगळ्यांचं सारखंच आहे. मागे बघू नको.’

रांग लागली की तपासणी. ओळखपत्रावरचा फोटो आणि समोरचा चेहरा. फोटोवर मुख्याध्यापकांचा गोल शिक्का अर्धा कागदावर, अर्धा मुलाच्या खांद्यावर. मग चेस्ट नंबर. तो दिला तसाच लावायचा; कापायचा नाही, दुमडायचा नाही, झाकायचा नाही. चारही कोपऱ्यांना पिना हव्यात. एखाद्याकडे दोनच असतात, तेव्हा क्लार्कच्या खिशातून आणखी दोन निघतात. मग पाय. कुणाच्या पायात स्पाइक्स, कुणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कुणी अनवाणी. अनवाणी मुलगा जरा मागे सरकतो, आपल्याला बाहेर काढतील या भीतीनं. पण धावपटूनं अनवाणी पळावं, एकाच पायात बूट घालावा किंवा दोन्ही पायांत, याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिलेली आहे. या खेळाच्या पुस्तकातलं मला सर्वांत प्रिय असलेलं कलम हेच. क्लार्क त्याच्या नावापुढे बरोबरची खूण करतो आणि पुढच्याकडे वळतो.

नावाच्या रकान्यात मात्र तो रेंगाळतो. शाळेकडून आलेल्या यादीत वडिलांचं नाव गळलेलं असतं, राठोडचा ‘राठोळ’ झालेला असतो. ‘आडनाव नीट सांग’, म्हणत तो निळ्या पेनानं दुरुस्ती करतो. ही खाडाखोड म्हणजे कागदावरची सर्वांत मोलाची अक्षरं. याच कागदावरून निकाल, निकालावरून प्रमाणपत्र, आणि विभागीय स्पर्धेला जाणारं नावही यातूनच निघतं. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते तेव्हा एका अक्षराचा फरकही माणसाला हेलपाटे घालायला लावतो.

शर्यत झाली की कोरा रकाना भरतो. हातघड्याळांवर वेळ घेत असतील तर तीन घड्याळांपैकी दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी असतील तर मधली. आठव्या लेनमधला अनवाणी मुलगा दुसरा आलाय. फायनलच्या लेन हीटमधल्या कामगिरीवरून ठरतात, त्यामुळे आता त्याला मधली लेन मिळू शकेल आणि पुढचे धावपटू डोळ्यांसमोर असतील. टेबलावर नवा कागद तयार होतोय, आणि त्यावर त्याचं आडनाव दुरुस्त होऊन आलंय.