हैबतबाबांची घडी
वारीवरील लेखनात भक्तीची वर्णने उदंड. व्यवस्थेची दखल क्वचितच. ही उणीव आम्हांस खटकते. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखी-सोहळ्याची घडी बसविली. बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आजही येतात. रथापुढील 27 दिंड्यांचा क्रम ठरलेला. परंतु खरे मर्म मुक्कामावरील समाजआरतीत आहे. चोपदाराने चोप उंचावताच टाळ थांबतात. जिची तक्रार असेल त्या दिंडीचे मात्र वाजतच राहतात. चोपदार तेथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो, मगच आरती. इतकी सुलभ दाद आम्ही वकिलांनीही कोर्टात पाहिलेली नाही! आमच्या देवस्थानांच्या वार्षिक सभेत गाऱ्हाणे बहुधा ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून शेवटी निघते. तोवर निम्मे महाजन पंगतीला बसलेले असतात.