मराठी विश्वकोश : समग्र पुनर्लेखन की अंशतः अद्ययावतीकरण?

वाई (जि. सातारा) येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली आकारास आलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये, तर विसावा खंड २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. हा कोश पुढे अद्ययावत कसा ठेवावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्णानुक्रमाने रचलेल्या कोशाचे प्रकाशन चार दशके चालल्यामुळे त्यात एक मूलभूत विसंगती शिरली. नोंदीचे आद्याक्षर हेच तिच्यातील माहितीचे कालमान ठरले. अकोला जिल्ह्याची नोंद सिद्ध होताना १९७१ ची जनगणना हाती होती; सांगली व सातारा यांची पाळी येईपर्यंत २००१ ची आकडेवारीही उपलब्ध झाली होती. त्यामुळे या जिल्ह्यांची तुलना करणाऱ्या अभ्यासकाने सावध राहणे आवश्यक ठरते.

यावर केवळ आकडे बदलणे हा सोपा उपाय वाटतो; परंतु तो फसवा आहे. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. जुने क्षेत्रफळ तसेच ठेवून २०११ ची लोकसंख्या घातल्यास दोन्ही आकडे आपापल्या जागी अधिकृत असूनही त्यांतून निघणारी घनता वास्तवापेक्षा कमी येईल. २००६ मध्ये ग्रहाची व्याख्याच बदलल्याने प्लूटोची एक नोंद सुधारून भागत नाही. ग्रहांची संख्या सांगणारी प्रत्येक नोंद तपासावी लागते. शिवाय विश्वकोशातील नोंदी लेखकाच्या नावानिशी आहेत. मूळ लेखकाच्या नावाखाली इतरांची भर घालणे हे बौद्धिक उत्तरदायित्वाशी विसंगत होय.

याउलट, संपूर्ण कोश नव्याने लिहिण्यास पुन्हा दशके लागली, तर अखेरचा खंड येईपर्यंत पहिला जुना झालेला असेल. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने १९३० च्या दशकात सतत पुनरीक्षणाचे धोरण स्वीकारले, त्यामागेही ही अडचण होती. विश्वकोशाच्या विषयनिहाय ज्ञानमंडळांची योजना याच दिशेची असून ती स्वागतार्ह आहे. मात्र भूगोलातील बदल इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या नोंदीपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, हे निश्चित न झाल्यास मंडळागणिक नवी विसंगती निर्माण होण्याचा धोका संभवतो.

तात्पर्य, निवड संपूर्ण कोशासाठी एकदाच नव्हे, तर नोंदीगणिक करावी लागेल. जेथे केवळ मूल्य बदलले तेथे ते व त्यावर आधारलेली सर्व मूल्ये एकत्र सुधारावीत. जेथे सीमा, व्याख्या अथवा सिद्धान्त बदलला तेथे नोंद नव्याने लिहावी. प्रत्येक नोंदीवर माहितीचे वर्ष व सुधारणाकाराचे नाव असावे, आणि मूळ मुद्रित नोंद तिच्या काळाचा दस्तऐवज म्हणून जतन करावी. असे झाल्यास विद्यार्थ्याच्या हाती जाणारा आकडा कोणत्या काळाचा व कोणाच्या जबाबदारीवर दिलेला आहे, हे अध्यापकास निःशंकपणे सांगता येईल.