चित्रातला सूर्य कुठे मावळतो?

पाचवी ते सातवीच्या मुलांकडून चित्रकला आणि कार्यानुभवाच्या तासांना जे प्रकल्प करून घेतले जातात, त्यांची चर्चा विज्ञानाच्या मासिकात कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर साधे आहे. वस्तूकडे नीट पाहणे, पाहिलेले नोंदवणे आणि नोंद चुकली तर पुन्हा पाहणे ही सवय प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी कागद-पेन्सिलीने लागू शकते. प्रकल्पामुळे ती लागते की मोडते, या एकाच कसोटीवर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, विशेषतः मालवण किनाऱ्यावरील शालेय प्रदर्शनांत हमखास दिसणारी काही कामे येथे तपासू.

पहिले काम म्हणजे निसर्गचित्र. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली झोपडी आणि एक माड. हे चित्र नागपुरातही असेच काढतात. किनाऱ्यावरची मुले त्यात हौसेने समुद्र आणि शिडाची होडी घालतात. पण या जिल्ह्यात सह्याद्री पूर्वेला आहे आणि समुद्र पश्चिमेला. सूर्य डोंगरातून उगवत असेल, तर पाहणाऱ्याची पाठ समुद्राकडे हवी. मग तोच समुद्र त्याच्या पुढ्यात कसा? ज्या मुलाने शेकडो सूर्यास्त पाहिले, तेच मूल कागद समोर येताच पाहिलेले विसरते आणि पाठ केलेले उतरवते. आमचा आक्षेप यालाच आहे. ठरावीक चित्रामुळे कच्च्या हाताच्या मुलाला धीर येतो हे खरे. परंतु सातवीपर्यंत तेच चित्र गिरवत राहिल्यास धीराची जागा आळस घेतो.

याऐवजी एक सोपा प्रकल्प सुचवतो. किनाऱ्यावरची एकच जागा ठरवून डिसेंबर ते मे दर महिन्याला एकदा तेथून क्षितिजाचे चित्र काढावे. किल्ल्याचा तट, खडक, जेटी यांपैकी एखादी न हलणारी खूण त्यात हवी. सूर्य कुठे बुडाला तेवढे टिंबाने दाखवावे. सूर्याकडे एकटक मात्र पाहू नये. मालवणहून २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य ठीक पश्चिमेच्या सुमारे २४ अंश दक्षिणेला मावळतो, २१ मार्चच्या सुमारास पश्चिमेला आणि मे अखेरीस सुमारे २२ अंश उत्तरेला. हात ताठ करून धरलेली मूठ साधारण १० अंश भरते, म्हणजे फरक चार मुठींहून अधिक. सहा चित्रे शेजारी लावली की तो कोणालाही दिसेल. माडाचेही तसेच. खोडावरची वलये म्हणजे गळलेल्या झावळ्यांच्या खुणा. मोठ्या माडाला साधारण महिन्याला एक नवी झावळी येते, हे कळल्यावर मूल ते खोड दोन सरळ रेघांत उरकणार नाही.

दुसरे काम सावंतवाडीच्या गंजिफांचे. १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी या कलेला नवे जीवन दिले. शाळांत तिची ओळख करून दिली जाते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण पद्धत चुकते. छापील चित्र समोर ठेवून मुले राजाचे पान स्केचपेनने उतरवतात, आणि ज्याचे रंग रेषेबाहेर गेले नाहीत त्याला बक्षीस मिळते. दशावतारी गंजिफांत १० रंग आणि प्रत्येक रंगात १२ पाने, अशी एकूण १२० गोल पाने असतात. राजा आणि प्रधान सोडले तर उरलेली १०० पाने अंकांची. मुलांसाठी खरे कोडे आहे ते या साध्या पानांत. गोल पानावर सात मासे असे कसे मांडायचे, की खेळणाऱ्याला न मोजता सात दिसावेत? एका नाण्याभोवती त्याच आकाराची बरोबर सहा नाणी चिकटून बसतात. म्हणून सात सोपे. आठवा मासा आला की मांडणी मोडते. शिवाय मासा नाण्यासारखा गोल नाही, त्याचे तोंड कुठे करायचे हेही ठरवावे लागते. परीक्षाही सोपी आहे: पान मित्राला क्षणभर दाखवून झाकावे आणि आकडा विचारावा. चुकला तर मांडणी बदलावी. येथे कला, भूमिती आणि प्रयोग वेगळे काढताच येत नाहीत.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथीही अशीच भिंतीवर टांगण्यापुरती उरते. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यानंतर तिचे नाव सर्वत्र झाले. परंतु चित्रकथी म्हणजे सुटे चित्र नव्हे. एकामागून एक चित्र दाखवत कथा सांगण्याची ती रीत आहे. तिच्या रेषांची नक्कल करण्यापेक्षा मुलांनी ही रीत उचलावी. रापण कशी लावतात ते सहा चित्रांत सांगायला लावा: होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडणे, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, दोन बाजूंनी ओढणारी माणसे. कोणते चित्र गाळले तर गोष्ट तुटते, यावर वर्गात वाद झाला पाहिजे.

शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. वेळ थोडा असतो आणि पाहुण्यांना प्रदर्शनात सुबक वस्तू हवी असते. त्यामुळे घरच्यांनी केलेले किंवा दुकानातून आणलेले काम पुढे जाते आणि मुलाची धडपड वहीत राहते. नुसता उपदेश करून हे बदलणार नाही. गुण देण्याची रीत बदलावी लागेल. निम्मे गुण तयार चित्राला आणि निम्मे कच्च्या रेखाटनांना व नोंदींना द्यावेत. येत्या प्रदर्शनात तयार चित्राशेजारी त्याची खोडलेली, पुन्हा काढलेली पानेही टांगावीत. मुलाने काय पाहिले आणि कुठे मत बदलले, हे पाहुण्यांना त्या पानांवरूनच कळेल.