बारा बिस्किटे आणि बंद दार

लहान मुलांना चित्रपुस्तकांतून गणित शिकवावे, आणि जमल्यास त्याच पुस्तकातून भावना ओळखायला व सांभाळायलाही शिकवावे, असे बालवाडीच्या शिक्षकांना आता वारंवार सांगितले जाते. कल्पना चांगलीच आहे. पण त्यासाठी मुद्दाम लिहिलेली जी पुस्तके आमच्या पाहण्यात येतात, त्यांतली बरीचशी एकाच साच्यातली असतात. एका पानावर पाच बदके, ती मोजा. पुढच्या पानावर रुसलेले बदक, त्याची समजूत घाला. मोजण्याचा आणि रुसण्याचा एकमेकांशी काही संबंध नसतो. पाचाऐवजी सात बदके असती, तरी रुसवा तेवढाच राहिला असता.

पॅट हचिन्स या ब्रिटिश लेखिका-चित्रकर्तीचे ‘द डोअरबेल रँग’ हे १९८६ सालचे पुस्तक या साच्यात बसत नाही, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

गोष्ट एवढीशी आहे. आईने बिस्किटे भाजली आहेत. व्हिक्टोरिया आणि सॅम हिशेब करतात: प्रत्येकी सहा. तेवढ्यात दारावरची बेल वाजते. शेजारची दोन मुले येतात. आता प्रत्येकी तीन. पुन्हा बेल, आणखी दोन मुले, प्रत्येकी दोन. पुन्हा बेल, आणि या वेळी एकदम सहा जण, प्रत्येकी एक. आजीसारखी बिस्किटे कुणालाच जमत नाहीत, हे आईचे पालुपद दर वेळी येते, आणि दर वेळी ते बोलता बोलताच बेल वाजते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ऐकणारी मुले बेलची वाट पाहू लागतात.

बारा हा आकडा लेखिकेने विचार करून निवडलेला आहे. दोन, चार, सहा आणि बारा या सगळ्यांनी त्याला निःशेष भाग जातो. बिस्किटे दहा असती, तर पहिल्याच बेलला गोष्ट अडली असती. भागाकार हा शब्द पुस्तकात कुठेही नाही, पण भाजक वाढला की भागाकार कमी होतो हे नाते मुलाला ताटलीत दिसते. आणि ते निर्विकारपणे दिसत नाही. सहाचे तीन होताना काहीतरी हातचे जाते. इथे भावना वेगळ्या पानावर चिकटवलेली नाही; ती त्या संख्येमुळेच निर्माण झालेली आहे.

खरा कसोटीचा क्षण शेवटी येतो. प्रत्येकाच्या ताटलीत एकच बिस्कीट उरले आहे आणि बेल पुन्हा वाजते. दार उघडण्याआधी खाऊन घ्या, असे खुद्द आईच सुचवते. सॅम थांबायचे ठरवतो. मोठ्या माणसाने पळवाट दाखवायची आणि मुलाने ती नाकारायची, ही उलटापालट आम्हाला फार मोलाची वाटते. बोधकथांत नेहमी याच्या उलट घडते.

वाटणी आणि मोजणी यांचा संबंध केवळ गोष्टीपुरता नाही. २०१३ मध्ये क्रेग स्मिथ, पीटर ब्लेक आणि पॉल हॅरिस यांनी तीन ते आठ वर्षांच्या मुलांना चिकटचित्रे वाटायला दिली. सारखी वाटावीत, हे सगळ्याच वयाची मुले सांगत होती. प्रत्यक्षात लहान मुले जास्त स्वतःकडे ठेवत. मोठी सारखी वाटत. लहानांना नियम माहीत होता, पण तो हातातून उतरत नव्हता. पुढे २०१९ मध्ये नाद्या चेर्न्याक, हॅरिस आणि सारा कॉर्डेस यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांबाबत दाखवले, की ज्यांची मोजणी पक्की त्यांची वाटणीही अधिक सारखी होते. म्हणजे ‘स्वार्थी’ ठरवलेल्या चार वर्षांच्या मुलाला कधी कधी मोजताच येत नसेल. परिपाठात त्याला समानतेवर चार शब्द ऐकवण्यापेक्षा दाण्यांचे ढीग करायला दिलेले बरे.

मग हे पुस्तक वर्गात कसे वाचावे? सर्वसाधारण रीत अशी, की प्रत्येक पानावर थांबून ‘आता प्रत्येकी किती?’ आणि लगेच ‘सॅमला काय वाटले असेल?’ असे विचारत जायचे. यात गोष्टीचा जीव जातो. नेदरलँड्समध्ये मार्या व्हान डेन ह्यूवेल-पान्हाउझेन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग (२०१६ साली प्रसिद्ध) इथे उपयोगी पडेल. बालवाडीच्या अठरा वर्गांपैकी नऊ वर्गांत तीन महिन्यांत चोवीस चित्रपुस्तके वाचली गेली, आणि त्या मुलांची गणितातली प्रगती इतर वर्गांपेक्षा जास्त झाली. शिक्षकांना सूचना होती ती स्वतःला आवरण्याची: स्वतःशीच मोठ्याने प्रश्न विचारा, न समजल्याचे सोंग घ्या, नाहीतर नुसता प्रश्नार्थक चेहरा करा. त्या चाचणीत गणितच मोजले होते. भावनांबद्दल तिच्या आधारे काही बोलता येणार नाही. तरी वाचण्याची ही पद्धत दोन्हींना लागू पडेल असे आमचे मत आहे.

पुस्तकावर आमचा आक्षेप एकच, पण तो लहान नाही. त्या बेलला दारात आजी उभी असते, बिस्किटांनी भरलेला मोठा ट्रे घेऊन. सगळे सुटले! पण दारात तेरावे मूल असते तर? बारा बिस्किटे, तेरा जण: गणित आणि माणुसकी दोन्ही जिथे खरोखर अवघड होतात, नेमकी तिथे लेखिका आजीला पुढे करते. मन मोठे केले की भरपाई होतेच, असा एक चुकीचा हिशेबही त्यातून मुलाच्या मनात राहू शकतो. म्हणून शिक्षकांनी आजीचे पान येण्याआधी पुस्तक मिटावे आणि तेरावे मूल दारात उभे करावे. आपल्याकडच्या मुलांना उत्तर शोधायला लांब जावे लागणार नाही. पेरूवर सदऱ्याचे टोक धरून चिमणीच्या दाताने तोडणे हे अपूर्णांकांचेच काम आहे, आणि उष्टे लागू नये ही काळजीही त्यातच आलेली आहे. मात्र बारा बिस्किटांचे तेरा सारखे वाटे चिमणीच्या दातालाही जमणारे नाहीत. कुणाचा तुकडा मोठा यावर तंटा होईल. तो होऊ द्यावा.

एक अडचण मराठीत सांगताना येईल. ही गोष्ट बंद दारावर उभी आहे: कोण आले ते दिसत नाही, आणि दार उघडायचे की नाही हे आतल्यांच्या हाती असते. वाडीत किंवा चाळीत दिवसा दार उघडेच असते. मुले बेल वाजवत नाहीत, वास आला की थेट आत येतात. अशा ठिकाणी बिस्किटांच्या जागी नुसते लाडू घालून भाषांतर साधणार नाही. तिथे सॅमला दार न उघडण्याची सोयच नाही. ताटली पाठीमागे लपवायची की नाही, एवढेच त्याच्या हाती उरते.