वाघा ओलांडल्यानंतर : युद्धकैद्याची गोष्ट आपण कुठे थांबवतो?

आजचा विषय कळल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, तत्त्वज्ञान सोडून एकदम युद्ध?" आम्ही म्हटलं, सोडलं नाही रे, इथे पोचायलाच उशीर झाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर गेले. त्यांच्यावरचे मृत्युलेख आम्ही जमतील तेवढे वाचले आणि वाचता वाचता थोडे अस्वस्थ झालो. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई विमान पाडलं गेलं आणि ते कैद झाले. रावळपिंडीच्या छावणीत हवाई दलाचे बाकीचे अधिकारीही होते. ऑगस्ट १९७२ मध्ये, १२ तारखेच्या रात्री, भिंतीला भोक पाडून परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी बाहेर पडले. बसनं पेशावर, तिथून खैबरखिंडीत लंडी कोतलपर्यंत. अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांनी लंडी खानाचा रस्ता विचारला. नकाशावर ते स्टेशन होतं, पण तिथली रेल्वे १९३२ सालीच बंद पडली होती. स्थानिक माणूस असं विचारणारच नाही! झालं, संशय आला आणि पकडले गेले.

काय गोष्ट आहे! आम्हालाही ती सांगायला आवडते, आत्ताही बघा, रंगूनच सांगितली. फेथ जॉन्स्टन यांचं पुस्तक आहे, 'फोर माइल्स टू फ्रीडम'. २०१९ मध्ये चित्रपट आला, 'द ग्रेट इंडियन एस्केप'. हे नाव १९६३ च्या हॉलिवूडपटावरून घेतलेलं आहे. त्या चित्रपटामागच्या खऱ्या घटनेत, १९४४ साली, ७६ जण पळाले, त्यातले ७३ पुन्हा पकडले गेले आणि ५० जणांना गोळ्या घातल्या. नाव उसनं घेताना हा हिशेब कुणी सोबत घेत नाही.

आमचा आक्षेप परुळकरांवर नाही, त्यांच्या धाडसावर तर मुळीच नाही. आक्षेप आपल्या ऐकण्यावर आहे. मुळात हा प्रयत्न फसला होता. सिमला करार झाला, वाटाघाटी लांबल्या, आणि १ डिसेंबर १९७२ ला पळालेले तिघं आणि मागे राहिलेले बहुतेक साथीदार एकाच दिवशी वाघा ओलांडून परत आले. म्हणजे सुटका झाली ती वाट पाहण्यातून. पण वाट पाहण्याची गोष्ट कोण ऐकणार? त्याच छावणीतले विंग कमांडर धीरेंद्र जाफा यांनीही पुस्तक लिहिलं आहे, 'डेथ वॉजन्ट पेनफुल'. त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली होती. पाठ प्लॅस्टरमध्ये असलेला माणूस पळू शकत नाही, त्याला कैदेत *राहावं* लागतं. आम्हाला विचाराल तर आधी ते वाचा.

आणि परतल्यावर? परुळकर पुढे कित्येक वर्षं हवाई दलात होते, ग्रुप कॅप्टन झाले, पुढे म्हातारे झाले. १९७२ नंतरची पन्नासहून अधिक वर्षं. आम्ही वाचलेल्या मृत्युलेखांत ती दोन-चार ओळींत आटोपली होती.

आता आमच्या धंद्याकडे येतो, कारण तिथेही हेच. विटगेन्स्टाइन आम्ही तीस वर्षं शिकवला. १९१८ च्या नोव्हेंबरात तो इटलीत युद्धकैदी झाला, मोन्ते कासिनोच्या छावणीत राहिला, 'ट्रॅक्टेटस'चं हस्तलिखित त्याच्याजवळ होतं. ऑगस्ट १९१९ मध्ये घरी आला. आल्यावर वडिलोपार्जित संपत्ती भावंडांना देऊन टाकली, डोंगरातल्या खेड्यात प्राथमिक शिक्षक झाला, आणि युद्ध संपून गेलं तरी बराच काळ लष्करी गणवेशच घालून फिरत असे. हे आम्ही वर्गात किस्सा म्हणून सांगायचो, घंटा व्हायला पाच मिनिटं राहिली की. तो कोट त्याला का उतरवता येत नव्हता, हा प्रश्न परीक्षेत आम्ही कधी विचारला नाही.

धुळ्याजवळच्या बोरविहीरचा चंदू चव्हाण आठवतो? २९ सप्टेंबर २०१६ ला हा जवान चुकून नियंत्रणरेषेपलीकडे गेला. बातमी ऐकून आजी धक्क्यानं गेली. घरच्यांनी नातू येईपर्यंत तिच्या अस्थी ठेवून दिल्या. २१ जानेवारी २०१७ ला तो परतला. वाघ्यावरची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. नंतर लष्करी न्यायालयात खटला झाला, शिक्षा झाली. शिस्तीचा प्रश्न लष्कराचा, त्यात आम्ही पडत नाही. पण बघा, पळून जाणाऱ्याची कथा होते आणि चुकून जाणाऱ्याची फाइल होते. दोघांनाही घरी येऊन भाकरी खायची असते, झोपायचं असतं, ते दोन्हींत कुठेच नाही.

हे आम्हाला कोण शिकवणार होतं? शिकवणारा शेजारीच राहत होता, बरं का. कुर्ल्यात आमच्या चाळीत साताऱ्याकडचे एक आप्पा होते, गिरणीत साचेखात्यात कामाला. मराठा पलटणीत होते एवढंच ठाऊक. त्यांच्या खोलीचं दार दिवसभर उघडं, पावसातसुद्धा. आम्ही पोरं त्याला गंमत समजायचो. एका शिमग्याला, रात्री लोकांच्या दारांना बाहेरून कड्या लावत फिरलो, तशी आप्पांच्याही लावली. आतून आवाज आला तो ओरडण्याचा नव्हता, दारावर अंग आपटण्याचा होता. कडी उपटून ते बाहेर आले आणि आम्हाला मारतील म्हणून आम्ही जिन्यात लपलो. ते कुणाला काही बोलले नाहीत. गॅलरीत उभे राहिले, सकाळची पाळी होईपर्यंत. त्यांच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी आमच्या आईला फक्त सांगितलं, "पोरांना म्हणावं, ह्यांच्या दाराला नको."

२१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं. त्यात २/५ मराठा पलटणही कैद झाली. हजारो कैदी समुद्रापार इटलीतल्या छावण्यांत गेले. हे आम्ही वाचलं कॉलेजात असताना, लायब्ररीत बसून. घरी येऊन आईला विचारलं, आप्पा तोब्रुकला होते का गं? आई म्हणाली, असतील, नाव काहीतरी असंच सांगायची ती. आप्पांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.