पृथ्वीचे छायाचित्र आणि अग्रभूमीचा प्रश्न

खाजगी संस्थांनी चंद्राकडे पाठविलेल्या यानांचा विचार बहुधा यंत्रविद्येच्या आणि अर्थकारणाच्या अंगाने होतो. त्या यानांनी टिपलेली पृथ्वीची छायाचित्रे कौतुकाने छापली जातात आणि लवकरच विसरली जातात. वस्तुतः ही छायाचित्रे म्हणजे मोहिमेचे केवळ आनुषंगिक फल नव्हे. २०१८ साली विजेत्यावाचून संपलेल्या गूगल चांद्र पारितोषिकाच्या अटींत, यान चंद्रावर उतरविणे आणि तेथे ५०० मीटर अंतर कापणे यांच्या जोडीला, चित्रे व चलचित्रे पृथ्वीवर पाठविणे हीही अट होती. पाहणे आणि दाखविणे हा अशा रीतीने कार्याचाच भाग ठरला. म्हणून या चित्रांत पृथ्वी कशी पाहिली गेली आहे, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेत येतो.

या प्रकारच्या चित्रांचा मानदंड म्हणून २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ मधून विल्यम अँडर्स यांनी घेतलेल्या ‘पृथ्वी-उदया’च्या छायाचित्राकडे बोट दाखविले जाते. त्या चित्रात यान कोठेच दिसत नाही. चंद्राचे ओसाड क्षितिज आणि त्यावरची अर्धवट प्रकाशित पृथ्वी एवढेच दिसते. परंतु ही निर्व्याजता भासते तितकी साधी नाही. चंद्रावर एका जागी उभ्या राहिलेल्या द्रष्ट्याला पृथ्वी उगवताना दिसत नाही. ती आकाशात जवळजवळ एकाच ठिकाणी राहते. उदय घडतो तो चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाच्या गतीमुळे. शिवाय चित्र घेतले गेले तेव्हा क्षितिज उभे होते. ते आडवे करून छापण्याची प्रथा रूढ झाली आणि ‘उदया’चे रूपक पक्के झाले. द्रष्टा चौकटीबाहेर राहिला, तरी चित्राच्या अर्थातून तो बाहेर पडला नाही. त्यामागील राष्ट्रांची स्पर्धाही बाहेर पडली नाही. ती केवळ अदृश्य झाली.

ही गोष्ट ध्यानात घेतल्यावरच इस्रायलच्या स्पेसआयएल या संस्थेच्या ‘बेरेशीत’ यानाकडे न्यायबुद्धीने पाहता येते. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी निघालेल्या या यानाने पुढच्याच महिन्यात, पृथ्वीपासून ३७,६०० किलोमीटर अंतरावरून, स्वतःसह पृथ्वीचे चित्र घेतले. त्याच्या अग्रभूमीवर इस्रायलचा ध्वज आणि ‘लहान देश, मोठी स्वप्ने’ या आशयाचा मजकूर असलेला फलक आहे; मागे पृथ्वी असून तीवर ऑस्ट्रेलिया ओळखू येतो. ‘येथे यंत्राने पृथ्वीला झाकले’ असा आक्षेप घेणे सोपे आहे, पण तो पुरेसा नाही. पाहणारा कोण, हे तरी हे चित्र प्रांजळपणे सांगते. दोष असेल तर तो वेगळ्या ठिकाणी आहे. ११ एप्रिल २०१९ रोजी चंद्रावर उतरताना, सुमारे २२ किलोमीटर उंचीवरून या यानाने आणखी एक चित्र पाठविले. त्यातही तोच फलक आहे. फक्त मागे पृथ्वीऐवजी चंद्र आहे. पार्श्वभूमी बदलली तरी विधान बदलत नाही. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे मांडली. त्यांच्या भाषेत सांगावयाचे तर जवळचे व दूरचे, लहान व विराट यांचा विरोध येथे आहे, पण त्यातून समतोल साधत नाही. पृथ्वी ही उपस्थितीची साक्षीदार होते, अनुभवाचा विषय होत नाही.

याच्याशी जपानच्या आयस्पेस या संस्थेच्या ‘हाकुतो-आर’ यानाचे चित्र ताडून पाहण्यासारखे आहे. २० एप्रिल २०२३ रोजी, चंद्रापासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवरून घेतलेल्या या चित्रात चांद्रक्षितिजावर पृथ्वी दिसते, आणि तिच्यावर, ऑस्ट्रेलियाच्या परिसरात, एक अंधुक काळसर डाग दिसतो. त्या दिवशी सूर्यग्रहण होते. तो डाग म्हणजे चंद्राची सावली. ज्या चंद्राभोवती यान फिरत आहे, त्याचीच छाया समोरच्या पृथ्वीवर पडली आहे. येथे अग्रभूमी आणि पार्श्वभूमी एकमेकींपासून तोडता येत नाहीत. ‘छायाचित्र’ हा शब्द क्वचितच इतका अन्वर्थक ठरला असेल.

ही दोन्ही याने अखेर चंद्रावर आदळली. बेरेशीतचे मुख्य इंजिन बंद पडले. हाकुतोच्या संगणकाने, यान सुमारे पाच किलोमीटर उंचीवर असतानाच, ते पृष्ठभागाशी पोहोचले असे मानले आणि इंधन संपून ते कोसळले. या शेवटामुळे चित्रांना कारुण्याची छटा येते. परंतु ती चरित्रातून आलेली आहे, चित्रातून नव्हे. मूल्यनिर्णयात तिला स्थान देणे योग्य ठरणार नाही. मोहिमेचे यश हाही चित्राच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा नव्हे.

तथापि यंत्र चौकटीत असणे हाच दोष, असाही निष्कर्ष काढता येत नाही. अमेरिकेतील फायरफ्लाय कंपनीचे ‘ब्लू घोस्ट’ यान २ मार्च २०२५ रोजी चंद्रावर सुखरूप उतरले. त्यावर नासाची १० उपकरणे होती. ‘खाजगी’ हे विशेषणही येथे जपूनच वापरले पाहिजे. १४ मार्च रोजी पृथ्वीवरील लोकांनी चंद्रग्रहण पाहिले, तेव्हा या यानाने पृथ्वीआड गेलेला सूर्य पाहिला. त्याच्या एका चित्रात प्रकाशाचे कडे यानाच्याच सौरपट्टावर प्रतिबिंबित झालेले दिसते. अग्रभूमीवर यंत्र आहे, पण ते घोषणा करीत नाही. ते आरसा झाले आहे. पृथ्वी काढून घेतली तर ते कडे उरत नाही, आणि चित्रही उरत नाही.

यावरून एक साधी कसोटी हाती लागते. अशा चित्रातील पृथ्वीच्या जागी दुसरे काही ठेवून पाहावे. अर्थ अबाधित राहिला, तर ते चित्र यानाचे आहे. अर्थ कोसळला, तर ते पृथ्वीचे आहे. यान कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न करारपत्रांनी सुटेल. दृष्टी कोणाची, हा प्रश्न प्रत्येक चित्रापुढे नव्यानेच सोडवावा लागेल.